कॉफी आणि चहा यांच्या मधली वर्षं

श्रीलंकेला निघालोय म्हटल्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकच विचारलं, "अशोकवन बघणार ना?" बघितलं. नुवारा एलियाजवळ सीता एलिया नावाचं ठिकाण आहे, तिथे ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ आहे. आत्याने घरून नेलेल्या खणाने ओटी भरली, ओढ्याचं पाणी डोळ्यांना लावलं. ती तेवढ्यासाठीच आली होती आणि तिचं मन भरलं. मला मात्र या बेटावर जायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी. १२ एप्रिल २०२२ला या देशाने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता देणं शक्य नाही. स्वातंत्र्यानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. मी पुण्यात घरोघरच्या पैशांचं नियोजन करून देते. एसआयपी, मुदत ठेवी, मुलांचं शिक्षण, आईवडिलांचं आजारपण, सगळं एका कागदावर मांडायचं, हे माझं रोजचं काम. आणि रोज पहिला प्रश्न असतो, "परतावा किती मिळेल?" एका अख्ख्या देशाचा हिशोब थांबला तेव्हा तिथल्या माणसांना कोणता प्रश्न पडला, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो. वरवर पाहता संकटाची खूण कुठेच नव्हती. कोलंबोच्या गाल फेसवर संध्याकाळी पतंग उडत होते, कोळंबी लावलेले वडे तळले जात होते. याच मैदानावर २०२२मध्ये तरुणांनी महिनोन्‌महिने तंबू ठोकले होते. 'अरगलय' म्हणजे लढा. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. आता तिथे फुगेवाले होते.

आमचा गाडीवाला कँडीकडचा, पस्तिशीतला. मला 'मॅडम' आणि आत्याला पहिल्याच दिवसापासून 'अम्मा'. आत्या निवृत्त शिक्षिका, तिला माणसं बोलती करण्याची हातोटी आहे. पेराडेनियाच्या बागेबाहेर शहाळं पिताना तिने त्याला विचारलं, "तेव्हा तू काय केलंस रे?" मी इंग्रजीत सांगितलं. त्याने शहाळं खाली ठेवलं. पेट्रोलच्या रांगेत तो गाडीतच झोपायचा, आळीपाळीने भाऊ यायचा. जूनच्या अखेरीस तर खासगी गाड्यांना पेट्रोल देणंच बंद झालं. मग क्यूआर कोडचा पास आला, रिक्षाला आठवड्याला पाच लिटर, मोटारीला वीस. "वीस लिटरमध्ये पर्यटक कुठे फिरवणार? आणि पर्यटक होते कुठे?" घर होतं, गाडी होती, सासऱ्यांची थोडी मिरीची बाग होती. "आमच्याकडे सगळं होतं, अम्मा. फक्त त्या आठवड्यात काहीच नव्हतं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या देशाचं अर्थकारण मी पुष्कळ वाचलं होतं, पण एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

देशाचंही अगदी हेच झालं होतं. श्रीलंकेकडे चहा होता, कापड कारखाने होते, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गावरचं बंदर होतं, दक्षिण आशियात हेवा वाटावा अशी साक्षरता होती. २०१९च्या शेवटी परकीय चलनाचा साठा साडेसात अब्ज डॉलरच्या वर होता. त्याच सुमारास नव्या सरकारने कर एकदम कमी केले, व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. त्या वर्षीच्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन आधीच मोडलं होतं, पाठोपाठ कोविड आला. पतमानांकन घसरलं आणि नवं कर्ज काढून जुनं फेडायचा रस्ता बंद झाला. २०२१च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद करण्यात आली. नोव्हेंबरात तो निर्णय मागे घेतला, पण भाताचं आणि चहाचं जायचं ते नुकसान झालंच. २०२१मध्ये सुमारे ३० कोटी किलो असलेलं चहाचं उत्पादन पुढच्या वर्षी २५ कोटींवर आलं.

२०२१च्या डिसेंबरअखेर साठा कागदावर ३.१ अब्ज डॉलर दिसत होता. त्यातले साधारण दीड अब्ज चीनच्या चलन-अदलाबदल करारातले होते, आणि ते अशा अटीवर दिलेले होते की गरजेच्या वेळी त्यांना हात लावता येत नव्हता. म्हणजे पासबुकात रक्कम आहे, पण ती काढता येत नाही. मे २०२२मध्ये अर्थमंत्री अली साब्री यांनी सांगितलं की प्रत्यक्ष वापरता येण्याजोगे पाच कोटी डॉलरही उरलेले नाहीत. दोन कोटी वीस लाख माणसांच्या देशाकडे पाच कोटी डॉलर!

आणि तरीही त्याच वर्षी १८ जानेवारीला श्रीलंकेने ५० कोटी डॉलरचे रोखे मुदतीवर पूर्ण फेडले होते. आपण कधी हप्ता चुकवलेला नाही, हा लौकिक टिकवायचा होता. तिथले काही अर्थतज्ज्ञ तेव्हाच कळवळून सांगत होते की हे पैसे औषधांसाठी आणि इंधनासाठी ठेवा, सावकारांशी आत्ताच बोलणी सुरू करा. मला त्यांचं म्हणणं पटतं. लौकिक मोठा खरा, पण तीन महिन्यांनी तो जाणारच होता. मार्चमध्ये छपाईला कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. हे मी सांगितलं तेव्हा आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, दुष्काळातसुद्धा आम्ही परीक्षा घेतल्या होत्या."

कँडीहून आम्ही लूलकंदेराला गेलो. पर्यटकांच्या यादीत हे फारसं नसतं, रस्ताही अरुंद आणि वळणावळणाचा. इथे जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७मध्ये १९ एकरांवर चहा लावला. लंकेतला पहिला व्यापारी लागवडीचा मळा तो हाच. दगडात केलेली त्याची बसायची जागा अजून दाखवतात. तिथून खाली दरीभर चहा दिसतो, आणि आपल्याला वाटतं की हा डोंगर पहिल्यापासून चहाचाच असणार.

पण टेलरने ते १९ एकर लावले तेव्हा सभोवार कॉफी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिलोन जगातल्या सर्वांत मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी एक होतं. जंगलं तोडून डोंगरच्या डोंगर एकाच पिकाखाली आणलेले. १८६९मध्ये पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली. आपल्याकडच्या गहू-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, तो तांबेरा. सुरुवातीला मळेवाल्यांनी मनावर घेतलं नाही, कारण कॉफीचे भाव चढत होते आणि घटलेल्या पिकाचेही पैसे चांगले येत होते. उलट त्या काळात कॉफीखालचं क्षेत्र आणखी वाढलं! वीस वर्षांच्या आत तो धंदा जवळपास संपला.

मला या गोष्टीतली मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. कॉफी मेली आणि चहा आला, असं एका ओळीत सांगतात तेव्हा ती वर्षं गळून पडतात. चहाचं रोप लावल्यावर पानं खुडायला काही वर्षं जातात, शिवाय पानं वाळवायला, मळायला कारखाना लागतो. मळेवाले येणाऱ्या पिकावर कोलंबोच्या पेढ्यांकडून उचल घेत. पीक बुडालं की उचल थकली, आणि मळा लिलावात. पुष्कळांनी घाईघाईने सिंकोना लावला, कारण त्याच्या सालीपासून निघणाऱ्या क्विनाइनला, म्हणजे हिवतापाच्या औषधाला, चांगला भाव होता. सगळ्यांनी एकदम लावला आणि भाव कोसळला. मग ज्यांच्याकडे अजून थोडी सोय उरली होती ते चहाकडे वळले. चहा हे योग्य पीक आहे हे तोवर लपून राहिलेलं नव्हतं. टेलरचा मळा डोळ्यांसमोर होता. फरक एवढाच होता की चहा हाती येईपर्यंत कोण तग धरू शकतो. थॉमस लिप्टन १८९०मध्ये रोख रक्कम घेऊन आला आणि त्याने बुडालेल्यांचे मळे स्वस्तात घेतले. आज हापुतळेजवळ 'लिप्टन्स सीट' बघायला गर्दी होते. ज्यांनी ती जमीन विकली त्यांची नावं तिथे कुठे नाहीत.

या कॉफीचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोचतो. १८४२मध्ये मुंबईत बँक ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. तीन वर्षांत तिचं मुख्यालय लंडनला गेलं, नाव ओरिएंटल बँक झालं, पुढे तिने सिलोनमधली बँक घेतली आणि ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन म्हणून ती पूर्वेकडच्या सर्वांत प्रतिष्ठित बँकांपैकी एक ठरली. सिलोनमध्ये तिच्या नोटा लोकांच्या खिशात असत आणि तिचं कर्ज कॉफीच्या मळ्यांत अडकलेलं असे. मे १८८४मध्ये ती कोसळली. कोलंबोत हाहाकार उडाला, कारण हातातली नोट सकाळपर्यंत पैसा होती आणि आता नव्हती. तेव्हाचे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी लंडनच्या मंजुरीची वाट न बघता सरकारतर्फे त्या नोटांची हमी दिली. त्यानंतर सिलोनमध्ये नोटा सरकारच काढू लागलं. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांबद्दल मला एरवी ममत्व नाही, पण या निर्णयाबद्दल आदर वाटतो. हजारो माणसांना त्याने थांबायला वेळ मिळवून दिला.

हे वाचताना सप्टेंबर २०१९ आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईतल्या पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि पहिल्या आदेशात सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असं ठरवलं. मुंबईतल्या निवृत्त माणसांची उभ्या आयुष्याची ठेव तिथे होती. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, पुढच्या वर्षी ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखाचं पाच लाख झालं, जानेवारी २०२२मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीनही झाली. पण डायलिसिस आठवड्यातून दोनदा करावं लागतं. ते विलीनीकरणाची वाट बघत नाही.

म्हणून हल्ली कुणी परतावा विचारला की मी आधी उलट विचारते, पगार किंवा धंदा उद्या थांबला तर यातलं काहीही न मोडता घर किती महिने चालेल? पुष्कळ घरांत याचं उत्तर नसतं. फ्लॅट दोन असतात, गावाकडे जमीन असते, म्युच्युअल फंडाचे आकडे ॲपवर हिरवे दिसतात आणि हाताशी दीड महिन्याचा खर्च असतो. अशा घरात शेअर बाजार पडला तर तोटा बाजार करत नाही. तोटा होतो तो नेमक्या त्या पडलेल्या भावात विकावं लागल्यामुळे. २०२०च्या मार्चमध्ये ज्यांना नोकरी गेल्यामुळे फंड मोडावे लागले ते कुणी अडाणी नव्हते. दीर्घ मुदतीचं चक्रवाढीचं गणित त्यांनाही पाठ होतं. ते गणित बरोबरच आहे, पण त्यात एक अट दडलेली असते की मधे कुणी तुम्हाला उठवणार नाही. वर्षभराचा खर्च दोन वेगळ्या बँकांत, साध्या खात्यात आणि ठेवीत ठेवा, असं मी सांगते तेव्हा लोकांना ते पैसे झोपलेले वाटतात. मला ते सगळ्यात कष्टाळू पैसे वाटतात, कारण बाकीच्या पैशाला वाढायला वेळ तेच देतात.

नुवारा एलियाच्या थंडीत रात्री शाल गुंडाळून बसलो असताना आत्याने १९९१ची आठवण काढली. भारताकडे तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. आधी २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, मग जुलैमध्ये जवळपास ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेलं, विमानाने. सांगलीच्या शाळेत स्टाफरूममध्ये ही बातमी वाचून एक ज्येष्ठ बाई रडल्या होत्या, ती सांगत होती. "घरातलं सोनं सावकाराकडे गेलेलं आमच्या पिढीने बघितलं होतं गं. देशाचं जातं हे माहीत नव्हतं." लाज वाटणं साहजिक होतं, पण त्या सोन्याने देशाला काही महिने मिळवून दिले आणि त्या महिन्यांत पुढची धोरणं आखता आली. श्रीलंकेकडे २०२२मध्ये गहाण टाकण्याजोगं सोनंही फारसं राहिलं नव्हतं. तेव्हा भारताने इंधन, अन्न, औषधं यांसाठी पतपुरवठा आणि चलन-करार मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. गाडीवाल्याने हे स्वतःहून सांगितलं आणि आत्याला हात जोडले, जणू ती मदत तिनेच केली होती. आत्याला काय बोलावं कळेना. तिने त्याच्या मुलीसाठी राखून ठेवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या काढून दिल्या.

सोन्याचा हा विषय आता जगभर पुन्हा तापला आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण प्रत्येक देशाच्या मध्यवर्ती बँकेने त्यातून एकच नोंद घेतली, की दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा हा त्याच्या मर्जीपुरता आपला. २०२२पासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं २०२४मध्ये मायदेशी आणलं. २०२५च्या ऑक्टोबरात भाव औंसाला ४००० डॉलरच्या पुढे गेला तेव्हा माझ्याकडे फोनांची रांग लागली, सगळं मोडून सोनं घेऊ का म्हणून. मी नको म्हटलं. एका डोंगरावर एकच पीक लावल्याने काय होतं ते मी नुकतंच बघून आले होते, मग ते पीक पिवळं आणि चकचकीत असलं तरी.

लहान देशाच्या धडपडीचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण चहाचंच आहे. इराणकडून घेतलेल्या तेलाचे २५ कोटी डॉलर श्रीलंकेने द्यायचे होते. इराणवर निर्बंध, श्रीलंकेकडे डॉलर नाहीत. तेव्हा दोघांनी करार केला की दरमहा ठरावीक किमतीचा चहा पाठवून हे देणं फेडायचं. डिसेंबर २०२१मध्ये सही झाली, २०२३मध्ये चहा जाऊ लागला. मोठमोठ्या वित्तसंस्थांच्या गुंतागुंतीच्या पुनर्रचनांपेक्षा मला यात जास्त प्रामाणिकपणा दिसतो. आपल्याकडे जे आहे ते, जमेल तेवढं, दर महिन्याला.

पुनर्रचना मात्र झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं तीन अब्ज डॉलरचं कर्ज मार्च २०२३मध्ये मंजूर झालं, परदेशी रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४मध्ये पार पडली. २०२२मध्ये एका डॉलरचा रोखा तीस सेंटच्या आसपास, असे ते रोखे उचलणाऱ्या फंडांचं भलं झालं, त्यांना थांबता येत होतं. देशातल्या कर्जाची पुनर्रचना २०२३मध्येच झाली. त्यात बँकांना वगळण्यात आलं आणि भार आला नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर. जुने रोखे देऊन लांब मुदतीचे, कमी व्याजाचे घ्यावे लागले. सप्टेंबर २०२२मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली होती, तेव्हा त्या निधीतल्या रुपयाची खरेदीशक्ती आधीच वितळलेली होती. बँका बुडू नयेत हा तर्क मला समजतो, पण तीस वर्षं शिवणयंत्रावर काम केलेल्या बाईच्या म्हातारपणातून ती रक्कम कापली गेली हे मला मान्य होत नाही.

कँडीहून एलाकडे जाणाऱ्या रेल्वेत दारात बसून फोटो काढायची चढाओढ असते. डावीउजवीकडे चहाच्या मळ्यांत एका ओळीत बांधलेल्या खोल्या दिसतात, 'लाइनी'. मद्रास इलाख्यातून नेलेल्या मजुरांसाठी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या या चाळींत त्यांचे नातू-पणतू अजून राहतात. १९४८मध्ये यांच्यातल्या बहुसंख्यांचं नागरिकत्व नव्या देशाने काढून घेतलं होतं, १९६४मध्ये दिल्ली आणि कोलंबोने त्यांची आकड्यांत वाटणी केली, आणि उरलेल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळायला २००३ उजाडलं. आम्ही गेलो तेव्हा चहा खुडणाऱ्या बाईची दिवसाची मूळ मजुरी १३५० श्रीलंकन रुपये होती, म्हणजे आपले चारशेच्या आसपास. आत्याने त्यांच्यातल्या एकीशी खुणांनी बोलायचा प्रयत्न केला, तिच्या बोटांवरचे काळे डाग स्वतःच्या हातात घेऊन बघितले. माझा वर्षभराच्या खर्चाचा सल्ला या बाईला देणं क्रूरपणाचं झालं असतं.

२०२५च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळ आलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. बदुल्ला, कँडी, नुवारा एलिया या जिल्ह्यांत दरडी कोसळल्या, आम्ही ज्या रेल्वेने गेलो तिचे रूळ ठिकठिकाणी लोंबकळले. गाडीवाल्याचा निरोप आला, तो आणि घरचे सुखरूप आहेत, गाडी चिखलात गेली आहे, विम्याचं बघतोय. भारताची मदत पहिल्या काही तासांत पोचली. या वेळी देशाच्या तिजोरीत सहा अब्ज डॉलरच्या आसपास होते, नाणेनिधीने डिसेंबरात आणखी २० कोटींची तातडीची रक्कम दिली. २०२२सारखी वेळ पुन्हा आली नाही. साठा कशासाठी राखायचा, ते लोकांना या वेळी दिसलं.

पण दरडींखाली गेलेल्यांत लाइनींतली माणसं होती, आणि वाचलेल्यांकडे त्या जमिनीचा कागद नाही, कारण घर मळ्याचं आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा इथूनच त्यांची अडचण सुरू होते. परदेशी रोखेधारकांना द्यायच्या हप्त्यांचं वेळापत्रक पार पुढच्या दशकापर्यंत छापून तयार आहे. डोंगरातल्या या कुटुंबांना त्यांच्या नावावर सुरक्षित उतारावरचे सात पर्च देण्याचं वचन सरकारांनी वर्षानुवर्षं दिलेलं आहे. सात पर्च म्हणजे जेमतेम पावणेदोन गुंठे. त्याचंही तारखांसकट वेळापत्रक छापा, एवढं मला कोलंबोतल्या अर्थ खात्याला सांगायचं आहे.